कोऱ्या पानामागचं पान

माझ्या हातून आजवर एक ओळही सुचून लिहून झालेली नाही. पत्र लिहायला बसलो तरी ‘पत्रास कारण की’च्या पुढं माझी गाडी अडते. असं असूनही एके काळी उस्मानाबाद जिल्ह्यातली बरीच लिहिती माणसं लिहायला बसण्याआधी माझा सल्ला घ्यायला येत, असं सांगितलं की माझी नात हसते. (आता धाराशिव म्हणतात, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय.) नात कथा लिहिते. तिच्या लॅपटॉपवर लिहायची चार सॉफ्टवेअरं आहेत आणि त्यांतलं कुठलं घ्यावं हे ठरत नसल्यामुळं कथा अजून सुरू झालेली नाही. परवा तिनं मलाच विचारलं, "नाना, तुम्ही काय बघून सांगायचात लोकांना?" तिला जे सांगितलं तेच तिनं या अंकासाठी उतरवून घेतलं आहे. चुका असतील त्या माझ्या, शुद्धलेखन तिचं.

कळंबला एसटी स्टँडजवळ माझं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. वडील शिलाई मशीनचे मिस्त्री, त्यामुळं घरात स्क्रू-स्प्रिंगांची कमी नव्हती. मी सोलापूरला एका उस्तादांकडं टाइपरायटरचं काम शिकलो आणि परत आलो तेव्हा सगळीकडं सहकाराचा हंगाम होता. गावोगाव सोसायट्या, दूध संघ, बँकेच्या शाखा निघत होत्या. कुठलीही संस्था निघाली की आधी पाटी यायची, मग चेअरमनची खुर्ची, मग टाइपरायटर आणि काम सगळ्यात शेवटी. त्या मशीनला टेबलावर मखमलीचं आच्छादन असायचं. ते कोण काढणार यावरून भांडणं व्हायची. ढोकीच्या साखर कारखान्यापासून तहसील कचेरीपर्यंत ती आच्छादनं काढायचा हक्क मला होता आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

दुष्काळाच्या सालांत आमचं काम वाढायचं. लोकांना वाटतं दुष्काळ शेतात असतो. तो मशीनमध्येही शिरतो. उघड्या रानांवरची माती वाऱ्यानं उडून कचेऱ्यांत यायची आणि मशीन उलटं केलं की टेबलावर तिचा ढीग पडायचा. अक्षरांच्या पोटात माती बसली की ‘भ’ आणि ‘म’ सारखेच काळे उमटत. मी पेट्रोल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक अक्षर धुवायचो. पाणी परवडत नव्हतं तेव्हाही अक्षरांची आंघोळ चुकली नाही, असं माझी बायको चिडून म्हणायची.

आता मराठी मशीन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपण हातानं ‘कि’ लिहितो तेव्हा आधी क काढतो आणि मग वेलांटी. मशीनवर आधी वेलांटी मारायची आणि मग क. कितीतरी अक्षरं आधी अर्धी मारायची आणि मग काडी मारून पुरी करायची. म्हणजे माणूस जे बोलणार त्याच्या थोडं पुढं बोटांना धावावं लागतं. टायपिस्ट लोकांना याची सवय असते, कारण त्यांची नजर बाजूच्या मूळ कागदावर असते. स्वतःच्या कागदाकडं चांगला टायपिस्ट बघतच नाही. पण ज्याला मनातलं लिहायचं आहे त्याच्या बाजूला मूळ कागद नसतो. त्याची नजर कुठं ठेवायची हाच खरा प्रश्न असतो, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीला मी माणूस बघून मशीन सांगायचो. बोटं जड असतील तर कडक स्प्रिंगचं, हलकी असतील तर नरम. एक वकीलसाहेब ऐतिहासिक कादंबरी लिहीत होते आणि दुपारी त्यांची पत्नी झोपायची. मी मशीनखाली जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा घातला, रोलर बदलला, आवाज जवळजवळ बंद केला. आठ दिवसांत वकीलसाहेब परत. म्हणाले, तलवारी चालल्यासारख्या वाटत नाहीत. मी नमदा काढून दिला. पत्नीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

दुसरे एक तमाशाला वग लिहून देणारे गृहस्थ होते. त्यांनी दुकानातली सगळी मशीनं वाजवून बघितली, प्रत्येकावर चार वाक्यं मारली, चहा घेतला आणि शेवटी समोरच्या दुकानातून शिसपेन्सिल घेऊन गेले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मिस्त्री, ह्याच्यावर लिव्हलं की माजा सोंगाड्या मामलेदारावानी बोलायलाय." त्यांचं खरं होतं. हत्यार कुठलं घ्यायचं त्याबरोबर कुठलं घ्यायचं नाही हेही ठरवावं लागतं, एवढी अक्कल मला त्या दिवशी आली.

किसनराव माझ्याकडं आले ते त्यानंतर. ऐंशी सालाच्या पुढचीच गोष्ट. किसनराव वाघमारे कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. त्यांच्याइतका स्वच्छ हात मी जिल्ह्यात दुसरा बघितला नाही. वार्षिक अहवाल असो की शेअर्सच्या नोटिसा, कागद मशीनमधून निघाला की छापल्यासारखा. त्यामुळं बाजाराच्या दिवशी ते दुकानात येऊन "मला लिहिण्यासाठी मशीन सुचवा" म्हणाले तेव्हा मला वाटलं चेष्टा करतायत.

चेष्टा नव्हती. त्यांनी सांगितलं ते असं. थोरला भाऊ लिंबाजी बहात्तरच्या दुष्काळात गेला. माकणीकडच्या गावी त्यांची थोडीशी जमीन होती आणि तिच्यात एक विहीर. तळाला गेलेलं पाणी वर यावं म्हणून लिंबाजी गाळ काढायला उतरला असताना कड ढासळली. किसनराव तेव्हा कॉलेजात होते आणि त्या दिवशी वर दोराशी तेच उभे होते. आता जमीन धरणात जाणार म्हणून नोटीस आली होती. म्हातारी आई त्यांच्याजवळ ढोकीला राहायला आली होती. लिंबाजीचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नाही आणि त्याचा एक फोटोही कुणी काढलेला नव्हता. आईनं एक दिवस किसनरावांना म्हटलं होतं, "रान चाललं, हीर चालली. मी बी चालले. दुनियाचे कागद बडवितूस तू, माज्या लिंबाचं कायतरी लिव्ह की. माज्या मागं त्याला कोन वळखंल?"

तेव्हापासून ते प्रयत्न करत होते. शाईचं पेन झालं, पेन्सिल झाली, शाळेतला टेपरेकॉर्डर मागून आणून बोलून बघणं झालं. कचेरीच्या मशीनवर सुट्टीच्या दिवशी बसूनही झालं. दोन-चार ओळी झाल्या की ते त्या वाचत आणि फाडून टाकत. एकदाच धीर करून त्यांनी पहिलं वाक्य आईला वाचून दाखवलं होतं. ‘कै. लिंबाजी हे मनमिळाऊ व कष्टाळू स्वभावाचे होते.’ आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यो कुनाचा कोन?"

हे सांगताना किसनराव हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. आईची तब्येत बरी नव्हती. दम लागायचा, अलीकडं ती अंथरुणावरच असायची. तिच्या कानावर तिचा लिंबा घालायचा होता आणि तोही ती असेपर्यंत.

मी नेहमीप्रमाणे त्यांना एका मशीनसमोर बसवलं आणि म्हटलं, हात चालवून बघा. तेवढ्यात बँकेचा शिपाई तुटलेलं मशीन डोक्यावर घेऊन आला आणि मी त्याच्याकडं वळलो. इथं माझी एक पद्धत सांगायला हवी. मशीन तपासताना मी रिबन वापरत नसे. रिबनच्या शाईत दोष झाकले जातात. मशीनच्या बाजूला एक छोटी खिट्टी असते, ती मधल्या पांढऱ्या खुणेवर ठेवली की रिबन उचललीच जात नाही. स्टेन्सिल कापताना तसं करतात. मग वरचा कागद, मध्ये कार्बन, खाली दुसरा कागद असं लावून टाइप करायचं. वरचा कागद कोराच राहतो आणि खालच्यावर कुठलं अक्षर किती जोरानं बसतं ते खरंखरं दिसतं. किसनराव बसले त्या मशीनवर सगळं असंच लावलेलं होतं.

थोड्या वेळानं मागून त्यांचा आवाज आला, "इस्माईलभाई, उमटंना की हो."

माझं डोकं शिपायाच्या मशीनमध्ये होतं. मी न बघताच म्हटलं, "मागं उमटतंय. चालू द्या."

मशीन पुन्हा वाजायला लागलं. आधी अडखळत, मग सलग. बँकेच्या मशीनचं काम संपलं, शिपाई गेला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली आणि ते वाजतच होतं. त्या आवाजाची चाल मला ओळखीची नव्हती. नक्कल करणाऱ्या टायपिस्टचा हात एकसारखा चालतो. हा हात कधी धावत होता, कधी थबकत होता आणि थबकला तरी थांबत नव्हता. मी वळून बघितलं. किसनराव कागदाकडं बघतच नव्हते. कोऱ्या कागदात बघण्यासारखं काही नव्हतंच. ते समोर भिंतीकडं बघत होते, आणि त्या भिंतीवर काहीही टांगलेलं नव्हतं. मी दुकानाच्या दाराशी स्टूल टाकून बसलो आणि आलेल्या गिऱ्हाइकाला खुणेनंच नंतर या म्हणून सांगितलं.

कागद संपून रोलरमधून सुटला तेव्हा ते भानावर आले. वरचं पान मी काढून घेतलं. ते तिरपं धरलं की नुसते वळ दिसत. खालचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. ते वरपासून खालपर्यंत भरलं होतं. किसनरावांनी ते वाचलं नाही. माझ्याकडं सरकवून म्हणाले, तुम्ही बघा आधी.

मी वाचलं. त्यात ‘मनमिळाऊ’ कुठं नव्हतं. लिंबाजी धाकट्या भावाला अभ्यासाला उठवायचा ते होतं. तोंडात पाण्याची चूळ भरून त्याच्या चेहऱ्यावर फवारा उडवायचा आणि पळून जायचा. दुष्काळ पडला, पाणी परवडेना, तेव्हापासून जवळ येऊन नुसती फुंकर मारायचा. एवढंच. मी त्या माणसाला कधी बघितलेलं नव्हतं, पण वाचताना माझ्या गालाला ती फुंकर लागली. इतकी वर्षं मी अक्षरं धूत होतो आणि अक्षरांना हे करता येतं याचा मला पत्ता नव्हता.

त्याच मशीनच्या रिबनची दोन्ही रिळं काढून मी ते त्यांना नेऊन दिलं. रिबन नसलेलं मशीन कुणी मुद्दाम नेतं हे ऐकून स्टँडवरचे लोक हसले. किसनरावांनी स्वतःला नियम घालून घेतला होता. लिहिलेलं पान बघायचं नाही, फाइलीत पालथं ठेवायचं. रोज कारखान्यातून आले की एक पान. मी महिन्यातून एकदा कारखान्याची मशीनं बघायला ढोकीला जायचो तेव्हा त्यांच्या खोलीत डोकवायचो. पालथ्या पानांची थप्पी वाढत होती. आई अंथरुणावरून तो आवाज ऐकत असायची. मला म्हणायची, "भाऊ, आज लई येळ वाजलं बगा." जणू दारात पाऊस किती पडला ते सांगतेय.

मग एक दिवस किसनराव सकाळच्याच गाडीनं कळंबला आले. हातात वहीच्या पुठ्ठ्यात ठेवलेले दोन कागद. चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी त्यांनी विहिरीचं पान लिहिलं होतं. त्या एका पानासाठीच हा सगळा खटाटोप होता, ते इतकी वर्षं त्यालाच टाळत आले होते. लिहून झालं, कागद काढला, आणि खालचा कागद कोरा. कार्बन उलटा लागला होता. आयुष्यात ज्याची पाच प्रतींची थप्पी कधी चुकली नाही त्या माणसाचं त्या दिवशी कार्बनकडं लक्षच नव्हतं. कार्बन उलटा लागला की सगळं वरच्याच कागदाच्या पाठीवर उमटतं, आणि उमटतं तेही आरशातल्यासारखं उलटं.

"गेलेलं न्हाय, पाठीवर हाय सगळं," ते म्हणाले. "पर सरळ करायचं तर मला ते वाचावं लागंल. वाचलं की म्या फाडणार. अन् दुसऱ्यांदा न्हाय जमायचं माज्यानं."

मी कागद घेतला आणि दुकानाच्या दर्शनी काचेला चिकटवला. बाहेर कडक ऊन होतं. उन्हात कागद उजळला आणि पाठीवरची उलटी अक्षरं पुढून सरळ दिसायला लागली. मी मशीन काचेजवळ ओढलं आणि नक्कल करायला बसलो. किसनराव बाहेर पायरीवर माझ्याकडं पाठ करून बसले.

त्या पानावर काय होतं ते मी सगळं सांगणार नाही. ते त्यांचं आहे. इतकंच सांगतो की त्यात रडणं नव्हतं, नशिबाला बोल नव्हता. हातातला दोर हलका कसा झाला, तेवढं होतं. जड दोर आणि हलका दोर. काचेपलीकडं किसनरावांची पाठ दिसत होती आणि काचेवर ते पान. माझा हात तसा बरा चालतो, पण त्या दिवशी एकेका अक्षराला मी बिस्मिल्ला म्हणावं तसा थांबत होतो. नक्कल पूर्ण झाली तेव्हा मी ती पालथी करून त्यांच्या पुठ्ठ्यात ठेवली. पैसे किती म्हणून त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी फार रागावलो असतो.

आईला वाचून दाखवायचा दिवस त्यांनी माझ्या ढोकीच्या फेरीला धरून ठरवला. रविवारची सकाळ. म्हातारीला भिंतीला टेकवून बसवलं होतं. मला म्हणाली, "या भाऊ, ऐका आमचा लिंबा." मी दाराजवळ बसलो. किसनरावांनी थप्पी सुलटी केली आणि वाचायला लागले. लिहिल्यापासून ते स्वतःही पहिल्यांदाच वाचत होते.

त्या सकाळी मी जे बघितलं ते बघायला मिळालं म्हणून मी माझ्या धंद्याचे आभार मानतो. फुंकरीचं पान आलं तसा म्हातारीनं नकळत गालाला हात लावला. लिंबाजी चढ्या आवाजात बैलाला शिव्या देतो आणि मग त्याची समजूत काढतो ते आलं, तेव्हा ती हसली आणि पुढचं वाक्य किसनरावांच्या आधी बोलून मोकळी झाली. तेच वाक्य पानावर होतं. ‘हा कोण’ असं तिनं एकदाही विचारलं नाही. त्या खोलीत आम्ही तिघंच आहोत असं मला वाटेना. दारात पाय पसरून बसलो होतो, ते मी आवरून घेतले.

मग वाचता वाचता लिंबाजीचा शेवटचा दिवस आला. सकाळपासून गाळाच्या पाट्या वर येतायत. आई भाकरी घेऊन रानात येते. वरून हाक मारते, तसा लिंबाजी दोराला धरून वर येतो, हातपाय झाडतो, बाभळीच्या सावलीत बसतो. फडकं सोडतो. कांदा बुक्कीनं फोडतो. अर्धी भाकरी भावाला देतो. इथं पान संपत होतं. पुढचं पान मी नक्कल केलेलं होतं. त्यात काय आहे हे मला माहीत होतं आणि माझं लक्ष किसनरावांच्या बोटांकडं गेलं. त्यांनी पान उलटलं.

"थांब," म्हातारी म्हणाली.

किसनराव थांबले. त्यांना वाटलं दम लागला. पाणी द्यायला ते उठू लागले, तर तिनं हातानं बस म्हणून खुणावलं.

"हितंच थांब. जेवू दे त्याला."

बाहेरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जात होता, त्याचा आवाज जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं हात लांब करून किसनरावांच्या हातातल्या पानांवर ठेवला. वाचलेली पानं तिनं आपल्याकडं ओढून घेतली आणि पदराखाली धरली. राहिलेलं एक पान त्यांच्याच हातात होतं.

"त्ये तुजं हाय," ती म्हणाली. "त्ये तू लिवलंस, लई चांगलं क्येलंस. दोर तुज्या हातात हुता, तुला लिवाय पायजे हुतं. मला नगं."

किसनरावांनी ते पान घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दोर धरणाऱ्या त्या दोन्ही हातांनी मग त्यांनी तोंड झाकून घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आईसमोर रडले. म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं बघून विचारलं, भाऊ, तुमी जेवून जाता न्हवं? मी हो म्हणालो.